दोघं, एक भाड्याची गाडी आणि पंधरा रात्री: मँचेस्टर ते स्काय ते एडिंबरा

नकाशावर मँचेस्टर ते इनव्हर्नेस हे अंतर जेमतेम ६०० किलोमीटर भरतं, समृद्धी महामार्गाहूनही कमी. त्यामुळे पहिला आराखडा करताना बहुतेक जोडपी आठ दिवसांत लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्क, एडिंबरा, स्काय बेट आणि वर नॉर्थ कोस्ट ५०० हा लांब फेरा असं सगळं बसवतात. कागदावर ते बसतंही. प्रत्यक्षात रोज पाच-सहा तास गाडीत जातात, चालवणाऱ्याला डांबर सोडून काही दिसत नाही आणि चौथ्या दिवशी दोघंही वैतागतात.

म्हणून आधी दोन नियम. एका दिवसात मुक्काम ते मुक्काम तीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही. मोबाइलवरचा नकाशा जेवढा वेळ सांगेल त्यात पाव भाग आणखी धरायचा, आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेला तिसरा भाग. पुढचा आराखडा या हिशेबावर उभा आहे.

मार्ग आणि रात्री

मँचेस्टरला उतरायचं आणि एडिंबऱ्याहून परतायचं. दुबई किंवा दोहामार्गे जाणाऱ्या विमानांनी हे सहसा जमतं. असं येण्या-जाण्याचं तिकीट थोडं महाग पडतं आणि गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचा आकारही लागतो. पण एडिंबऱ्याहून मँचेस्टरला परतायचे सुमारे २२० मैल, म्हणजे मोटरवेवरचा आख्खा दिवस वाचतो. शिवाय एडिंबरा शेवटी ठेवलं की तिथे गाडीची गरजच उरत नाही.

रात्रींची वाटणी अशी: मँचेस्टर विमानतळाजवळ १, लेक डिस्ट्रिक्ट ३, नॉर्थंबरलँडचा किनारा २, स्टर्लिंग १, ग्लेनको किंवा फोर्ट विल्यम २, स्काय ३, इनव्हर्नेस किंवा लॉक नेसचा काठ १ आणि एडिंबरा २. एवढ्या रात्री नसतील तर सगळीकडची एकेक रात्र छाटू नका, एक आख्खा प्रदेश सोडा. दहा रात्री असतील तर स्काय सोडलेलं बरं. तिथे एका रात्रीसाठी जाणं म्हणजे जाता-येता दोन दिवस रस्त्यावर काढून पावसात एक संध्याकाळ पाहणं. नॉर्थ कोस्ट ५०० हा ५१६ मैलांचा फेरा या सहलीला जोडूच नका, त्याला स्वतंत्र आठवडा लागतो.

पहिली रात्र विमानतळाजवळ ठेवण्याचं कारण झोप. भारतातून निघून अठरा-वीस तासांनी पोहोचलेल्या माणसाने लगेच मोटरवेवर गाडी घालू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेतली तर भाड्याचा एक दिवसही वाचतो.

स्थानिक फिरणं धरून एकूण अंतर सुमारे ११०० मैल, म्हणजे १८०० किलोमीटरच्या आसपास होतं. लिटरला १५ किलोमीटर धरले तर १२० लिटर पेट्रोल लागेल. भाव १.४० पौंड धरला, तर इंधनाला १७० पौंडांच्या आसपास.

कधी जायचं

मेचा पहिला पंधरवडा ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर. मेमध्ये पश्चिम स्कॉटलंडात तुलनेने कोरडे दिवस जास्त मिळतात आणि उजेड रात्री साडेनऊपर्यंत टिकतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इनव्हर्नेसला सूर्य सव्वादहाच्या सुमारास मावळतो. याउलट डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधारतं, तेव्हा ही सहल करू नये.

जून ते ऑगस्ट हा मिजचा काळ. ही चिलटाएवढी चावरी माशी ओल्या, वारा नसलेल्या संध्याकाळी झुंडीने येते. ग्लेनको आणि स्कायला तिचा जोर फार. वारा सुटला की ती उडू शकत नाही, म्हणून थांबायला उघड्या, वाऱ्याच्या जागा निवडा आणि डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी जवळ ठेवा. ती तिथल्या दुकानात काही पौंडांत मिळते आणि आपल्या डासांच्या जाळीपेक्षा बारीक विणीची असते. इथून नेलेली जाळी तिथे उपयोगाची नाही.

ऑगस्टमध्ये एडिंबऱ्यात कलामहोत्सव असतात आणि खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात. मेअखेरच्या सुट्टीच्या आठवड्यात लेक डिस्ट्रिक्टमध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही.

कागदपत्रं

व्हिसा स्टँडर्ड व्हिजिटर प्रकारचा, सहा महिन्यांपर्यंतचा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला सहसा तीन आठवडे लागतात. नवरा-बायको एकत्र जात असले तरी अर्ज दोन, शुल्क दोन. खर्च एकच जण करणार असेल तर दुसऱ्याच्या अर्जाला विवाह नोंदणीचा दाखला आणि खर्च उचलणाऱ्याचं बँक विवरणपत्र जोडा. व्हिसा हाती येईपर्यंत सगळी आरक्षणं फुकट रद्द होणारीच ठेवा.

भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये पोहोचल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, कारण भाड्याच्या काउंटरवरचा माणूस कधीकधी तोच मागतो. मूळ स्मार्ट कार्ड सोबत हवंच. नुसत्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर गाडी मिळत नाही आणि मोबाइलमधला डिजिटल परवाना तिथे धरत नाहीत.

मराठी घरांत एक अडचण हमखास येते. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, परवान्यावर माहेरचं. किंवा एकावर वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. पासपोर्ट, परवाना आणि क्रेडिट कार्ड या तिन्हींवरचं नाव मुख्य चालकाच्या बाबतीत जुळलं पाहिजे. ज्याची तिन्ही नावं जुळतात त्याला मुख्य चालक करा आणि दुसऱ्याचं नाव जादा चालक म्हणून घाला. बदल करायचा असेल तर निघण्याच्या दोन महिने आधी करा.

गाडी घेताना

आपल्याला एक मोठी सोय आहे. ब्रिटनमध्येही गाडी डाव्या बाजूने चालते, स्टिअरिंग उजवीकडे आणि गिअर डाव्या हाताला असतो. घरी गिअरची गाडी चालवत असाल तर तिथे ऑटोमॅटिकसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. ऑटोमॅटिकच हवी असेल तर आरक्षणात तसं स्पष्ट निवडा, नाहीतर काउंटरवर गिअरचीच गाडी पुढे येते.

आकार मध्यम हॅचबॅकचा, फोक्सवॅगन गोल्फच्या जातीचा. त्याहून मोठी गाडी स्कायच्या रस्त्यांवर घाम काढते. त्याहून लहान गाडीच्या डिकीत दोन मोठ्या बॅगा मावत नाहीत आणि एक मागच्या सीटवर येते. बॅग बाहेरून दिसेल अशी ठेवून गाडी सोडून जाऊ नये.

काउंटरवर घोटाळा होतो तो डिपॉझिटचा. कंपनी मुख्य चालकाच्या क्रेडिट कार्डावर काहीशे पौंड अडवून ठेवते, कधी हजारावर. फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये दुकानातला, ऑनलाइन आणि टेकवून करायचा असे तिन्ही परदेशी व्यवहार सुरू करा, मर्यादा वाढवा, आणि ओटीपीसाठी भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवा. गाडी लावायच्या ॲपवर पैसे भरतानाही ओटीपी लागू शकतो.

विम्यात ‘एक्सेस’ नावाचा आकडा असतो. नुकसान झालं तर तेवढी रक्कम आपल्या खिशातून जाते. साध्या विम्यात ती हजार ते दोन हजार पौंड असू शकते, आणि टायर, काचा, गाडीची तळबाजू यांना बहुधा संरक्षण नसतं. या सहलीत नेमकं टायरच फुटतं, कारण अरुंद रस्त्याची डांबराची कड धारदार असते आणि बाजूला खड्डे असतात. म्हणून एक्सेस शून्यावर आणणारं संरक्षण घेताना टायर आणि काचा त्यात आहेत का, हे वाचा. स्वतंत्र कंपनीचा स्वस्त एक्सेस विमा घेत असाल तर तो भारतात राहणाऱ्यांना लागू होतो का, तेही पाहा.

किल्ली हातात आली की पाच मिनिटं याला द्या. चारही बाजू, चारही चाकांच्या रिम, समोरची काच, छत आणि मीटरमधलं इंधन यांचा व्हिडिओ काढा. एक जण काढेल, दुसऱ्याने ओरखडे कागदावर नोंदवून सही घ्यावी. डिकीतली चटई उचलून स्टेपनी आहे का पाहा. पुष्कळ गाड्यांत ती नसते, फक्त भोक बुजवायचा द्रव आणि लहान पंप असतो. टायरची बाजू फाटली तर त्याचा उपयोग नाही, मदत बोलवावी लागते, म्हणून तो क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये हवा. पेट्रोल की डिझेल हे झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. पंपावर पेट्रोलची नळी हिरवी आणि डिझेलची काळी. सुपरमार्केटच्या पंपावर इंधन स्वस्त मिळतं. आपणच भरायचं, मग आत जाऊन पंपाचा क्रमांक सांगून पैसे द्यायचे.

बाजू तीच, शिस्त वेगळी

बाजू सारखी असल्यामुळे भारतीय चालक पहिल्याच तासात निर्धास्त होतो. चुका तिथेच होतात.

वेग मैलांत मोजतात. वस्तीत ३०, स्कॉटलंडातल्या पुष्कळ गावांत २०, दुभाजक नसलेल्या खुल्या रस्त्यावर ६०, दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटरवेवर ७०. पांढऱ्या वर्तुळात काळी तिरकी रेघ असलेली पाटी म्हणजे मर्यादा संपली नव्हे, तर त्या प्रकारच्या रस्त्याची राष्ट्रीय मर्यादा लागू झाली. ६० मैल म्हणजे ९७ किलोमीटर. डोंगरातल्या वळणाच्या रस्त्यावर ही मर्यादा लिहिलेली असली तरी त्या वेगाने जायचं नसतं.

मोटरवेवर डावी मार्गिका ही नेहमीची. ओलांडायचं तेव्हा उजवीकडे, ओलांडून झालं की परत डावीकडे. मधल्या मार्गिकेत ठाण मांडून बसणं हा दंडनीय गुन्हा आहे. मार्गिकेवर लाल फुली दिसली तर ती मार्गिका ताबडतोब सोडायची. हातात मोबाइल दिसला तर २०० पौंड दंड आणि सहा पेनल्टी पॉइंट. पट्टा गाडीतल्या सगळ्यांना, मागे बसणाऱ्यालाही. हॉर्न फक्त धोक्याची जाणीव देण्यापुरता. पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रॉसिंगवर कोणी पाय ठेवला की थांबलंच पाहिजे.

दारूची मर्यादा सीमा ओलांडताच बदलते. इंग्लंडमध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, तर स्कॉटलंडात डिसेंबर २०१४ पासून ५०. व्यवहारात याचा अर्थ एकच. त्या दिवशी जो चालवणार त्याने एक ग्लासही घेऊ नये, आणि आदल्या रात्री उशिरापर्यंत घेतली असेल तर सकाळी दुसऱ्याने चालवावं.

राउंडअबाउटला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायचं आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडच्या सर्कलवर जो आधी घुसेल तो जातो. तिथे तसं केलं की थेट धडक बसते. डावीकडे किंवा सरळ जायचं तर सहसा डावी मार्गिका, उजवीकडे वळायचं तर उजवी मार्गिका आणि उजवा इंडिकेटर. आपल्या आधीचा फाटा मागे पडला की डावा इंडिकेटर देऊन बाहेर. चुकलं तर आणखी एक फेरी मारा, मध्येच वळू नका. बाजूला बसणाऱ्याने ‘उजवीकडे घे’ असं सांगू नये, ‘तिसरा फाटा’ असं मोजून सांगावं. दोघांतली निम्मी भांडणं एवढ्याने टळतात.

बाजूला बसणाऱ्याची बाकीची कामंही ठरवून घ्या: ऑफलाइन नकाशे आदल्या रात्री वाय-फायवर उतरवून घेणं, पुढचा पंप आणि पुढचं स्वच्छतागृह लक्षात ठेवणं, नाणी हाताशी ठेवणं. ग्लेनकोपासून स्कायपर्यंत सिग्नल तासन्‌तास जातो. आणि दर दीड तासाने जागा बदला. या सहलीत रस्ता हाच देखावा आहे आणि चालवणाऱ्याला तो दिसत नाही.

लेक डिस्ट्रिक्ट

मँचेस्टर विमानतळाहून एम ६ ने उत्तरेला, जंक्शन ३६ ला बाहेर पडून ए ५९० आणि ए ५९१ ने विंडरमिअर. सुमारे ८५ मैल, पावणेदोन तास. मुक्काम मात्र विंडरमिअरपेक्षा केझिकला करा. पाटीवर त्यात डब्ल्यू दिसतो, बोलण्यात नाही. गर्दी कमी, डोंगर जवळ, आणि चौथ्या दिवशी पूर्वेला निघायला सोयीचं.

पहिल्या दिवशी जाताना ग्रासमिअरला थांबा. कवी वर्ड्‌स्वर्थ १७९९ ते १८०८ या काळात जिथे राहिला ते डव्ह कॉटेज इथेच, आणि १८५४ पासून चाललेलं जिंजरब्रेडचं लहानसं दुकानही. दुसरा दिवस बॉरोडेल, हॉनिस्टर घाट, बटरमिअर आणि व्हिनलॅटरमार्गे परत, असा फेरा करा. अंतर फार नाही, पण दिवस पुरतो. हॉनिस्टरला चढ पंचवीस टक्क्यांचा आहे. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरमध्ये उतरा. वरंधा, ताम्हिणी चालवलेल्याला हे जमतं. हार्डनॉट आणि रायनोज हे घाट मात्र वगळा. तिथे चढ जागोजागी तीस टक्क्यांच्या घरात जातो, रस्ता एका गाडीपुरता आहे आणि वळणावर समोरचा रस्ता बॉनेटच्या आड जातो.

तिसऱ्या दिवशी अल्सवॉटर. एअरा फोर्स धबधबा पाहा, बोटीने ग्लेनरिडिंगपर्यंत जा, आणि ४५४ मीटरवरच्या कर्कस्टोन घाटातून एक चक्कर मारून या. कॅसलरिग हे पाषाणवर्तुळ केझिकच्या डोक्यावरच आहे, फुकट आहे, आणि संध्याकाळी सहानंतर तिथे जवळपास कोणी नसतं.

गाडी लावायची ती सकाळी साडेनऊच्या आत. नंतर जागा भरतात, मग लोक रस्त्याच्या कडेला लावतात आणि पावती चिकटते. दोन पिवळ्या रेघा म्हणजे कधीच लावायचं नाही. एक पिवळी रेघ म्हणजे शेजारच्या पाटीवरच्या वेळेत नाही. दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीकडे जाते आणि कंपनी त्यावर स्वतःचं शुल्क चढवून कार्डातून वळतं करते.

बॉरोडेलमधलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीतला पाऊस पाहिलेल्यांना त्याचं नवल वाटणार नाही, वाऱ्याचं वाटेल. छत्री उलटी होते. टोपीचं जलरोधक जाकीट, वरून घालायची जलरोधक पँट आणि घट्ट पकडीचे बूट हवेतच.

रोमन भिंत आणि भरतीत बुडणारा रस्ता

केझिकहून ए ६६, एम ६ आणि ए ६९ ने हॅड्रियनची भिंत. सुमारे ६५ मैल. इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतलेली ही भिंत ७३ मैल लांब होती, पण सगळीकडे शोधत बसू नका. बी ६३१८ या सरळ, चढ-उताराच्या रस्त्यावर स्टील रिग ते हाउसस्टेड्स एवढाच तुकडा पाहा. कड्याच्या धारेवरून जाणारी भिंत इथेच दिसते. सिकॅमोर गॅपमधलं प्रसिद्ध झाड सप्टेंबर २०२३ मध्ये कापलं गेलं, तिथे आता बुंधा आहे. विंडोलँडा हा किल्ला वेगळ्या न्यासाचा आहे. इंग्लिश हेरिटेज या वारसास्थळं सांभाळणाऱ्या संस्थेचा परदेशी पाहुण्यांचा पास तिथे चालत नाही, हाउसस्टेड्सला आणि लिंडिसफार्नच्या मठाला चालतो. हा पास दोघांसाठी एकत्र मिळतो. तिकिटांची बेरीज करून मग घ्या.

बॅम्बऱ्याला दोन रात्री. तिथून होली आयलंड, म्हणजेच लिंडिसफार्न. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी लुटलेला मठ तो हाच. बेटाला जाणारा रस्ता दर भरतीला समुद्राखाली जातो, दिवसातून दोनदा. सुरक्षित वेळांचं कोष्टक नॉर्थंबरलँड काउंटी कौन्सिल प्रसिद्ध करते आणि ते रस्त्याच्या दोन्ही टोकांनाही लावलेलं असतं. आधी हे कोष्टक पाहायचं, मग बॅम्बऱ्याच्या तारखा ठरवायच्या. काही दिवशी सुरक्षित वेळ भल्या पहाटे आणि रात्रीच येते.

दरवर्षी इथे गाड्या अडकतात, आणि कारण तेच. रस्ता कोरडा दिसतो, पुढची गाडी जाते, म्हणून आपणही घालतो. पाणी समोरून येत नाही. रस्त्याच्या मधल्या सखल भागात बाजूने भरतं आणि मागचा-पुढचा दोन्ही मार्ग बंद होतात. खांबांवर उभी केलेली एक सुटकेची खोली तिथे याचसाठी आहे. परतीची सुरक्षित वेळ संपायच्या किमान अर्धा तास आधी रस्ता ओलांडलेला असावा. खारं पाणी शिरलेल्या भाड्याच्या गाडीचा खर्च विमा कंपनीच्या गळ्यात घालता येईल, या भरवशावर राहू नका.

भिंतीकडून येताना नॅव्हिगेशनने टाइन टनेलमधून नेलं, तर तिथे टोलनाका नाही. टोल दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत ऑनलाइन भरायचा, नाहीतर दंड.

स्टर्लिंगहून ग्लेनको

बॅम्बऱ्याहून ए १ ने उत्तरेला. एडिंबऱ्याला शहराबाहेरचा ए ७२० धरायचा आणि पुढे एम ९ ने स्टर्लिंग. ए ७२० संध्याकाळी चार ते सहा टाळा. वाटेत फॉल्कर्कजवळ केल्पीज, म्हणजे तीस मीटर उंच पोलादी घोड्यांची दोन मस्तकं. अर्धा तास पुरतो.

स्टर्लिंगच्या किल्ल्यावर हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडचा एक्सप्लोरर पास घ्यायचा विचार करा. स्टर्लिंग, लॉक नेसवरचा अर्कहार्ट आणि एडिंबरा हे तिन्ही किल्ले त्यात येतात. पास असला तरी एडिंबरा किल्ल्याची वेळ आधी आरक्षित करावीच लागते.

दुसऱ्या दिवशी ए ८४, ए ८५ आणि ए ८२ ने कॅलंडर, क्रिअनलॅरिक, टिंड्रम, मग रॅनख मूरचं ओसाड पठार आणि ग्लेनको. सुमारे ७५ मैल. नकाशा दोन तास म्हणेल, तुम्ही चार द्या. दरीतले थांबे रस्त्याच्या डाव्या हाताला घ्या, उजव्या बाजूच्या थांब्यावर वळताना मागून वेगात गाड्या येतात. टिंड्रमला पेट्रोल, जेवण आणि स्वच्छतागृह तिन्ही आहे, तिथे थांबाच. फेब्रुवारी १६९२ मध्ये मॅकडोनल्ड कुळाची कत्तल या दरीत झाली. दरीत उभं राहिल्यावर ते माहीत असलेलं बरं.

फोर्ट विल्यमहून १७ मैलांवर ग्लेनफिनन. रेल्वेचा २१ कमानींचा पूल. वाफेच्या गाडीची वेळ पाहून किमान दीड तास आधी पोहोचा, वाहनतळ लवकर भरतो. तो भरला तर रस्त्याच्या कडेला गाडी लावून चालत जाऊ नका.

एकेरी रस्ते आणि स्काय

फोर्ट विल्यम ते पोर्ट्री दोन वाटा. एक ए ८२ आणि ए ८७ ने आयलिन डोनन किल्ल्यावरून, १९९५ मध्ये झालेल्या पुलावरून, जवळजवळ ११० मैल. दुसरी मलेगहून फेरीने आर्मडेल. फेरी सुंदर आहे, पण आगाऊ आरक्षण लागतं, खराब हवेत ती रद्द होते, आणि भाड्याची गाडी बोटीवर चढवायला कंपनीची परवानगी लागते. जाताना पुलाचाच रस्ता धरा.

स्कायवर मुख्य रस्ता सोडला की एका गाडीपुरता रस्ता सुरू होतो. त्याची रीत नीट समजून घ्या. ठरावीक अंतरावर रुंद केलेल्या जागा असतात, त्यांना पासिंग प्लेस म्हणतात. नजर नेहमी दोन जागा पुढे ठेवायची. समोरून गाडी आली आणि जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर तिथे शिरून थांबायचं. जागा उजव्या हाताला असेल तर ओलांडून तिकडे जायचं नाही, तिच्या समोर आपल्या बाजूलाच थांबायचं. समोरचा वळसा घालून जातो. जो जागेच्या जवळ असेल त्याने मागे यायचं. चढणाऱ्याला शक्यतो वाट द्यायची. मागे गाडी लागली असेल तर बाजूला होऊन तिला पुढे जाऊ द्या, ती कामाला चाललेल्या स्थानिकाची असते. हात वर करून आभार मानतात, तुम्हीही माना. पासिंग प्लेसमध्ये फोटोसाठी गाडी लावायची नाही, अगदी दोन मिनिटांसाठीही नाही. हिरवळीवरही चाक उतरवू नका, खाली मऊ दलदल असते आणि गाडी रुतते. मेंढ्या रस्त्यावरच बसतात, हरणं संध्याकाळी आडवी येतात. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा.

एक दिवस ट्रॉटर्निश, म्हणजे स्कायचं उत्तरेकडचं द्वीपकल्प. पोर्ट्रीहून सकाळी साडेसातला निघून ओल्ड मॅन ऑफ स्टॉर हा सुळका, मग लील्ट धबधबा, किल्ट रॉक हा कडा, स्टॅफिनहून क्विरँगचे डोंगरकडे आणि यूगमार्गे परत. एक दिवस सकाळी फेअरी पूल्स हे ओढ्यातले डोह आणि दुपारनंतर डनव्हेगनचा किल्ला, नीस्ट पॉइंटचं टोक. कोणता दिवस कुठे, हे हवामानखात्याचा अंदाज पाहून आदल्या रात्री ठरवा. ढग खाली असतील तर क्विरँगला काही दिसणार नाही, पण फेअरी पूल्स तेव्हाही पाहता येतात. मात्र जोरदार पावसानंतर तिथले ओढे पायी ओलांडू नका. पेट्रोल ब्रॉडफर्डला किंवा पोर्ट्रीला भरून घ्या, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. डोंगरात अपघात झाला तर ९९९ ला फोन करून आधी पोलिस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं.

मुख्य भूमीवरचा ६२६ मीटर उंचीचा बेअलख ना बा हा घाट सगळीकडे सुचवला जातो. एकेरी रस्त्यावर तीन-चार दिवस काढल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

स्कायवरची खोली पाच-सहा महिने आधी घ्या, बाकी सगळं नंतर. ‘डबल’ पलंग तिथे १३५ सेंटीमीटर रुंद असतो, दोघांना अडचण होते. ‘किंग’ म्हणजे १५० सेंटीमीटर.

खाणं

खेड्यांत स्वयंपाकघर रात्री आठ-साडेआठला बंद होतं, दुपारी अडीच ते साडेपाचही बंद असतं. जेवायची जागा सकाळीच फोन करून राखून ठेवा. शाकाहाऱ्यांना सूप-पाव, भाजलेला बटाटा, चीज टोस्ट आणि स्कॉटलंडात शाकाहारी हॅगिस, म्हणजे तिथल्या मांसाच्या पदार्थाचा बिनमांसाचा प्रकार, मिळतं. सूप शाकाहारी वाटलं तरी त्यात कोंबडीचा अर्क असू शकतो, विचारून घ्या.

स्काय आणि केझिकला स्वयंपाकघर असलेली जागा घेतली तर पैसे आणि चिडचिड दोन्ही वाचतात. पोहे, थालिपिठाची भाजणी, बेसन, मेतकूट, गोडा मसाला न्या. तूप, पेढे, खवा, श्रीखंड, मांस, ताजी फळं आणि कढीपत्ता नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला ब्रिटनमध्ये बंदी आहे, डबा सीलबंद असला तरी. तेल तिथे घ्या. आणि फोडणीआधी खिडकी उघडून पंखा लावा. धुराचा अलार्म मोहरीच्या फोडणीला वाजतो. बेड-अँड-ब्रेकफास्टच्या खोलीत विजेची शेगडी लावायचीच नाही.

परतीचा टप्पा

पोर्ट्रीहून ए ८७, ए ८८७ आणि ए ८२ ने लॉक नेस. सरोवर ३७ किलोमीटर लांब आहे, रस्ता काठाने जातो, पण झाडांमुळे पाणी फारसं दिसत नाही. अर्कहार्टलाच थांबा. इनव्हर्नेसजवळ कलोडनचं रणांगण, १६ एप्रिल १७४६ चं, जिथे जॅकोबाइट बंड मोडलं. मैदानात फिरायला पैसे पडत नाहीत, तिकीट संग्रहालयाचं. तिथून गाडीने पाच मिनिटांवर क्लाव्हाची चार हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी आहेत.

ए ९ ने दक्षिणेला सुमारे दीडशे मैल, साडेतीन तास. तीन तासांचा नियम इथे एकदाच मोडतो, म्हणून पिटलॉख्रीला जेवणासाठी थांबा. या रस्त्यावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. कॅमेऱ्यापाशी वेग कमी करून उपयोग नाही, दोन कॅमेऱ्यांमधला वेळ मोजतात. दुभाजक कधी असतो, कधी अचानक संपतो. मागून घाई करणाऱ्याच्या दबावाखाली ओलांडायला जाऊ नका, पुढे काही मैलांवर पुन्हा दुभाजकाचा तुकडा येतो.

गाडी एडिंबरा विमानतळावर सोडा. सोडण्याआधी टाकी भरून पावती ठेवा, पुन्हा तसाच व्हिडिओ काढा आणि कर्मचाऱ्याकडून तपासणीची नोंद घ्या. तिथून ट्रामने अर्ध्या-पाऊण तासात शहर. शहराच्या मध्यभागी १ जून २०२४ पासून कमी प्रदूषणाचं क्षेत्र लागू आहे. भाड्याच्या नव्या गाड्यांना ते अडवत नाही, पण गाडी लावणं महाग आहे आणि जुनं शहर चालतच पाहायचं असतं.

निघण्याआधी पाकीट उघडा. स्कॉटलंडात सुट्टे म्हणून मिळालेल्या नोटा स्कॉटिश बँकांच्या असतात. तिथे आणि इंग्लंडमध्ये त्या चालतात, पण पुण्या-मुंबईतले परकीय चलनवाले त्या घ्यायला कुरकुर करतात. एडिंबऱ्यातच खर्च करा, किंवा बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा बदलून घ्या. डिपॉझिट सुटायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर गाडीचे दोन्ही व्हिडिओ आणि पेट्रोलची पावती पुसू नका.